छपरावरून कुत्री पडत नव्हती

"पंधराशेच्या सुमाराला इंग्लंडमधली माणसं ज्या घाणीत राहायची, तिथून इंग्रजी वाक्प्रचार आले. ती गोष्ट कळली की अर्थ पाठ करावा लागत नाही." हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी या महिन्यात दुसऱ्यांदा टाकला. मूळ इंग्रजी मजकूर १९९९ पासून ईमेलवर फिरतोय.

म्हणे, गवती छपरात ऊब शोधत बसलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून पडायची, म्हणून 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. शाकारलेलं छप्पर जवळून पाहिलंय कुणी? दाबून बांधलेल्या गवतात उंदीर शिरेल. कुत्रा कुठे मावणार? आणि घसरून पडायचं तर जनावर छपराच्या वर हवं. भर पावसात ऊब शोधायला वर कोण जाईल? आज रूढ असलेल्या शब्दांत हा वाक्प्रचार लेखक जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात आहे, तोही बोलून बोलून गुळगुळीत झालेल्या संभाषणाची टर उडवताना. आपल्याकडे मुसळधार पाऊस पडतो, पण आभाळातून मुसळं पडलेली कुणी शोधत नाही.

मेसेजमधलंच आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळ फेकणं, म्हणजे नकोशा गोष्टीबरोबर मोलाचीही टाकून देणं, मूळचं जर्मन. टोमास मुर्नर या जर्मन लेखकाच्या १५१२ च्या पुस्तकात त्याचं चित्रही आहे. इंग्रजीत ते रुळलं लेखक थॉमस कार्लाइलनंतर, एकोणिसाव्या शतकात.

'सेव्ह्ड बाय द बेल' म्हणजे जिवंत पुरलेल्याने शवपेटीतून दोरी ओढून वाजवलेली घंटा, हेही खोटं. ही घंटा बॉक्सिंगची. मार खाणारा फेरी संपल्यामुळे वाचतो. 'डेड रिंगर', म्हणजे हुबेहूब दुसऱ्यासारखा दिसणारा, तर रेसकोर्सवरचा: लबाडीने बदललेला घोडा.

पण मला खरा राग आहे तो "गोष्ट कळली की अर्थ कळतो" या दाव्याचा. भाचीने हाच मेसेज वाचून निबंधात लिहिलं, आजोबा ऑपरेशनमधून 'सेव्ह्ड बाय द बेल' वाचले. बाईंनी लाल गोल केला. तिची चूक नव्हती. मेसेजनेच तिला घंटेआधी मरण दाखवलं होतं. बाई प्रश्न विचारणार, तेवढ्यात तास संपला, तिथे हा वाक्प्रचार बसतो. हे चार ठिकाणी वापरलेलं ऐकूनच कळतं. 'बादरायण संबंध' आपण बिनचूक वापरतो. त्यामागची बोरीच्या चाकाची गोष्ट किती जणांना ठाऊक असते?

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. काकांनी अंगठा पाठवला, आणि संध्याकाळी 'रूल ऑफ थंब'ची जन्मकथा.