बॉनेटला हात लावून बघा

जुनी गाडी कशी घ्यायची हे मला सगळं माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी "अरे मला तरी विचारायचं" म्हणायला नको. तीन महिने रोज रात्री जेवण झालं की मी मोबाईल घेऊन गाड्या बघत बसायचो आणि बायको पलीकडून विचारायची, "ठरलं काय स्थळ?"

बजेट दीड लाख. एवढ्यात शहाणा माणूस एखादी अल्टो घेतो, त्यातनं भाजी आणतो, सासुरवाडीला जाऊन येतो, सुखात राहतो. मला पाहिजे होती चालवायला मजा येणारी गाडी. दीड लाखात मजा म्हटली की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांत शिरावं लागतं, म्हणजे फियाट पॅलिओ १.६, फोर्ड आयकॉन १.६, जुनी बलेनो, आणि आमचा जीव जिच्यात अडकला ती पहिली होंडा सिटी व्हीटेक. १४९३ सीसी, १०६ हॉर्सपॉवर. २००३ ला नवी सिटी आली, पॉवर ७७ वर उतरली, ॲव्हरेज वाढलं, लोक खूश झाले आणि आमच्यासारखी खुळी माणसं तवापासनं जुनीच हुडकत फिरायलीत.

तर कोल्हापुरात जुनी गाडी बघताना मॉडेल कुठलं, मालक कितवा हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, २०१९ च्या ऑगस्टमध्ये गाडी कुठं उभी होती? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं, आणि २०२१ च्या जुलैत परत आलं. त्यात भिजलेल्या गाड्या काय हवेत विरल्या नाहीत. धुऊन पुसून कुठंतरी 'सिंगल हँड युज्ड' म्हणून उभ्या असतातच.

शिरोळकडं एक मारुती एस्टीम बघायला गेलो होतो. सोबत आमचा उद्यमनगरातला, म्हणजे कोल्हापूरच्या वर्कशॉपांच्या वस्तीतला, मिस्त्री. गाडी अशी चकाचक की मी बाहेरनंच हो म्हणायच्या बेतात होतो. आत सेंटच्या तीन बाटल्या टांगलेल्या. मिस्त्रीनं इंजिनकडं ढुंकूनही बघितलं नाही. पुढच्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट हळूहळू ओढायला लागला, विहिरीतनं बादली काढावी तसा. पहिले दोन हात पट्टा स्वच्छ, त्याच्यापुढं एक आडवी रेघ, आणि रेघेच्या पुढं पट्ट्याच्या विणीत बसलेली बारीक करडी मळी. बोटावर घेतली, चोळली, वास घेतला.

"पाणी फक्त चाकाला लागलं होतं ओ," मालक म्हणाला.

"मग बेल्ट काय चाकाला बांधला होता?" मिस्त्री म्हणाला, आणि आम्ही चहा न घेता निघालो. शिरोळमध्ये चहा न घेता निघणं म्हणजे भांडण झाल्यासारखंच असतंय, पण काय करणार.

पुण्याच्या पॅलिओचं तर सांगण्यासारखं काही नाही. फ्रिजवरचं जोतिबाचं मॅग्नेट खिशातनं नेलं होतं, दाराला लावलं तर सरळ खाली पडलं. पत्रा कमी, पोचे बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टी, जास्त. टायर नवे आहेत म्हणाला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३११ होतं. म्हणजे २०११ च्या जून महिन्यातले नवे.

एवढा हुशार माणूस मी. आता पुढचं ऐका.

कागलकडं एक सिटी व्हीटेक आहे असं कळलं, २००१ ची. मिस्त्रीच्या भाच्याचं लग्न होतं, फोनवर म्हणाला, "साहेब, एकटं जाऊ नका. गेलासाच तर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर तसंच माघारी फिरा, गाडीकडं बघू पण नका." कारण गार इंजिन खोटं बोलत नाही. चालू व्हायला किती कुरकुरतंय, आतनं टकटक येती का, पहिला धूर कसला निघतोय. निळा निघाला तर ऑइल जळतंय, पांढरा निघून थांबतच नसला तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं पाणी. आधीच तापवून ठेवलेली गाडी मात्र साखरपुड्याला पावडर लावून बसवल्यासारखी असती.

सकाळी साडेसातला पोचलो. आंब्याच्या झाडाखाली ती उभी. बॉनेटला हात लावला.

गरम.

आणि मी स्वतःला काय सांगितलं माहिताय? उन्हानं तापलं असंल. साडेसातला. दाट सावलीत. जानेवारीत.

मग हायवेवर काढली. पाच हजार आरपीएमच्या पुढं काटा गेला आणि त्या इंजिनचा आवाजच बदलला, म्हणजे इतका वेळ भजन चालू होतं आणि अचानक हलगी कडाडली म्हणा ना. मळी, मॅग्नेट, टायर सगळं डोक्यातनं उडालं. मी पाच हजार कमी करून घेतले आणि एक लाख दहा हजार मोजून, आपण लई बेरकी अशा थाटात घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी चालू केली तर असा निळा धूर की शेजारच्या आजींनी डासांचं मशीन आलं म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

मिस्त्री आला, बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिला. व्हॉल्व्ह सील गेलेत, म्हणजे ऑइल अडवणारी रबरं, म्हणाला. टायमिंग बेल्ट कधी बदललाय? मला काय माहीत. मग तो आधी बदलायचा, कारण तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन आत एकमेकांना भेटतात आणि ती भेट फार महागात पडती. बेल्टबरोबर वॉटर पंप, चार टायर, सस्पेन्शन. एक बुश कुठंच मिळेना तर उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं जुना हातात घेऊन बघितला आणि संध्याकाळपर्यंत नायलॉनचा नवीन काढून दिला. हे सुख पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायचं नाही. एकूण बिल ७८,००० झालं. आता मी सगळ्यांना सांगतो, दीड लाख असतील तर गाडी नव्वद हजारांची बघा आणि साठ हजार बाजूला ठेवा, आणि जिच्या मालकाकडं बिलांची पिशवी आहे तीच घ्या, मग रंग उडालेला का असेना.

कागदाचं वेगळंच. आरसी बुकावर एका बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज कधीचं फिटलेलं, पण ती बँकच दुसऱ्या बँकेत गेलेली. एनओसी आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही मिळेपर्यंत मी त्या शाखेत इतक्या वेळा गेलो की शिपाई मला चहा विचारायला लागला. शिवाय २००१ ची गाडी, पंधरा वर्षं २०१६ ला संपली, मग पाच-पाच वर्षांचं पासिंग, म्हणजे आरटीओत नोंदणी परत करून घ्यायची, २०१६, २०२१, मग २०२६. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याची फी ६०० ची ५,००० झाली होती, पर्यावरण कर वेगळा. हे बजेटमध्ये धरलंय का कुणी? मी नव्हतं धरलं.

पण एका रविवारी पहाटे पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या चढाला ती दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत वर गेली तेव्हा, खरं सांगू, मी एकटाच मोठ्यानं हसत होतो. पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाल्ली आणि येताना क्लच केबल तुटली.

त्या दिवसापासनं बायको काही बोलत नाही. संध्याकाळी मी दारात आलो की ती बाहेर येती, बॉनेटवर हात ठेवती आणि म्हणती, "गारच हाय. म्हणजे आज पण केएमटीच्या बसनंच आलासा."