नऊ गुणांची आघाडी कुठे घातलीत?

"दुसरे आलात ना, मग एवढं काय?" नेदरलँड्सच्या फुटबॉल लीगच्या २०२४-२५ मोसमात आमचा ॲमस्टरडॅमचा आयाक्स क्लब दुसरा आला, आणि हे वाक्य या आठवड्यात मी चार वेळा ऐकलं. ऑफिसात एकदा, मुलाच्या क्लबच्या मैदानावर दोनदा आणि आज सकाळी इथल्या आपल्याच मराठी ग्रुपवर. ग्रुपवर लिहिणारा आइंडहोव्हनला राहतो, तिथल्या पीएसव्ही क्लबचा, म्हणजे लीग जिंकणाऱ्यांचा चाहता आहे, त्याचं समजू शकते. पण ॲमस्टरडॅममध्ये राहणारी, आयाक्सचा शर्ट घालून फिरणारी माणसं असं बोलायला लागली की माझं डोकंच फिरतं.

म्हणे गेल्या मोसमात आयाक्स पाचवा होता, ५६ गुणांवर, पीएसव्हीच्या तब्बल ३५ गुणांनी मागे. यंदा ७८ गुण, दुसरा नंबर, शिवाय युरोपातल्या चॅम्पियन्स लीगमध्ये जागा. केवढी सुधारणा! अहो, हे ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर मी स्वतः पेढे वाटले असते. ऑगस्टचं माप मेमध्ये कसं लावता? ३० मार्चला आइंडहोव्हनला जाऊन पीएसव्हीला २-० हरवलं आपण. आघाडी नऊ गुणांची. पाच सामने उरले तेव्हाही ती नऊच होती. पीएसव्हीने पुढचे पाचही सामने जिंकले, मान्य, पण तरीसुद्धा आपल्याला पंधरातले फक्त सात गुण पुरत होते. दोन विजय आणि एक बरोबरी! मिळवले किती? पाच. आणि एका गुणाने लीग गेली. पीएसव्ही ७९, आपण ७८. ताटातला घास कुणी हिसकावून नेलेला नाही, आपण आपल्या हाताने ताट उपडं केलंय.

संघ कमकुवत होता असंही नाही ना! पीएसव्हीला दोन्ही वेळा हरवलं, फेयेनूर्दला दोन्ही वेळा हरवलं. चारही मोठे सामने खिशात. आणि मग ईस्टरच्या रविवारी उट्रेख्तला जाऊन ४-० मार खाल्ला. स्पार्टाशी घरच्या मैदानावर १-१. ११ मेला भरलेल्या आरेनात, म्हणजे आपल्याच स्टेडियममध्ये, नाइमेगनच्या एनईसीकडून ०-३! त्याच दिवशी पीएसव्ही रॉटरडॅममध्ये फेयेनूर्दविरुद्ध ०-२ ने मागे होतं. तिथून ते ३-२ ने जिंकले, ९९व्या मिनिटाला, आणि गोल कुणाचा? नोआ लांगचा. आपल्याच अकादमीत वाढलेला पोरगा. ते लोक मागे पडूनही शेवटच्या सेकंदापर्यंत पुढे धावत होते, आणि आपले खेळाडू आपल्याच मैदानावर पायात शिसं ओतल्यासारखे उभे.

आता दमल्याची सबब सांगतात. जुलैपासून पात्रता फेऱ्या, मग युरोपातल्या क्लबांची युरोपा लीग, म्हणून पोरं थकली. ही सबब तर मला मुळीच चालणार नाही. दमायचा हक्क ऑगस्टमध्ये होता. १५ ऑगस्टला पात्रता फेरीत ग्रीसच्या पानाथिनाइकोसविरुद्ध ३४ पेनल्टी मारल्या गेल्या, १३-१२ ने सुटलो. चाळिशीच्या आपल्या गोलकीपरने, रेम्को पासफेरने, पाच पेनल्टी अडवल्या त्या रात्री! तेव्हा कुणी थकलं नाही. पुढे युरोपा लीगमधून फ्रांकफुर्टने इथे १-२ आणि तिथे ४-१ असं धुऊन बाहेर काढलं, ते १३ मार्चला. डच कपमधून तर एझेड क्लबने जानेवारीतच घालवलं होतं. म्हणजे मार्चच्या मध्यापासून दुसरी कुठलीही स्पर्धा नाही, फक्त लीग. कशाने दमलात?

माझं म्हणणं आहे की हे पायाचं दुखणं नव्हतंच. वर्षभर एक गोल करायचा आणि मागे सरकायचं, हीच सवय लावली होती. पीएसव्हीने लीगमध्ये शंभरावर गोल मारले, आपले सत्तरही नाहीत. निकाल लागत होते तोवर आम्हीही गप्प बसलो, "फारिओलीचा बचाव बघा" म्हणून प्रशिक्षकाची कौतुकं केली. पण मागे सरकायची सवय लागलेला संघ घाबरला की आणखी मागे सरकतो. ग्रोनिंगनला तेच झालं.

१४ मे, बुधवार. मुलाला दुसऱ्या दिवशी शाळा. मी म्हटलं, दात घासून घे, शिट्टी वाजली की झोपायचं. तो तोंडात ब्रश घेऊन टीव्हीसमोर उभा. आयाक्स २-१ ने पुढे. जिंकलो तर एक गुणाची आघाडी कायम आणि शेवटचा सामना घरी. नव्वद मिनिटं झाली, पंचाण्णव झाली. आपले सगळे आपल्याच पेनल्टी बॉक्समध्ये कोंबलेले, बॉल बाहेर जातो आणि परत येतो, कुणी म्हणून तो पायाशी धरून कोपऱ्यात नेत नाही. "आई, वाजव ना शिट्टी," पोरगा फेसाने भरलेल्या तोंडाने म्हणतोय. ९९व्या मिनिटाला ग्रोनिंगनच्या ब्लॉकझाइलने गोल केला. २-२. बेसिनपाशी जाऊन त्याने चूळ भरली आणि एक शब्द न बोलता झोपायला गेला. अकरा वर्षांचं पोर! ते रडलं असतं तर परवडलं असतं मला.

त्याच रात्री पीएसव्हीने हेराक्लेसला हरवलं आणि वरचढ झाले. रविवारी आपण ट्वेंटेला २-० हरवलं, पण स्पार्टाच्या मैदानावर पीएसव्ही ३-१. संपलं. दुसऱ्या दिवशी फारिओलींनीही क्लब सोडल्याचं जाहीर केलं. म्हणजे ज्यांना विचारायचं तेही गेले. तीन वर्षांचा करार होता, एक वर्षात आटोपला. शेवटच्या सामन्यानंतर ते रडले, ते खरंच रडले असतील, माझी शंका नाही. पण मला अश्रू नकोत, मला कुणीतरी हे सांगायला हवंय की २-१ ने पुढे असताना, लीगचा सगळा मोसम त्या दहा मिनिटांवर टांगलेला असताना, एकाही माणसाला बॉल पायात धरून दहा सेकंद उभं राहायचं धैर्य का झालं नाही.

तेव्हा "दुसरे आलात ना" मला म्हणू नका. ३६ वेळा लीग जिंकलेला क्लब आहे हा. २०२२ नंतर एकदाही नाही. यंदाचा सदतिसावा कपाटात ठेवायला जागा करून ठेवली होती आम्ही, आणि तो आइंडहोव्हनला गेला.