उशी बडवून राग जात नाही, काका

"रागावर औषध नसतं, समजूतदार बायको असते." या वाक्यानं सुरू होणारा मेसेज गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला. दोनदा काकांकडून, एकदा मावसबहिणीकडून, तोही खाली गुलाबाची फुलं लावून. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राग दाबला तर माणूस कुकरसारखा फुटतो, म्हणून उशी बडवा, पंचिंग बॅग टांगा, गच्चीवर जाऊन ओरडा. थेरपीवाले गोळ्यांची सवय लावतात. पागलखान्यात एकदा नाव लागलं की जन्माचं लागलं. हे पुण्या-मुंबईचे चोचले, नागपुरात असलं काही मिळत नाही. आणि शेवटी, सकाळी अनशापोटी बडीशेप-खडीसाखर.

एरवी असले मेसेज मी पुसून टाकते. पण हा दादापर्यंत पोचला. टीव्हीचा रिमोट भिंतीवर फोडल्यानंतर तो कसाबसा डॉक्टरकडे जायला तयार झाला होता. मेसेज वाचला, अपॉइंटमेंट रद्द केली आणि बर्डीच्या बाजारातून पंचिंग बॅग घेऊन आला. आता ती मानेवाड्याच्या घरी बाल्कनीत कूलरशेजारी लटकते आहे. ऑफिसातून आला की पंधरा मिनिटं धाड धाड धाड. आत येतो तेव्हा कपाळावरची शीर तशीच तट्ट फुगलेली, आणि मग वरणात मीठ कमी असतं.

तर आधी या बडवण्याबद्दलच. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी नेमकी हीच गोष्ट तपासून पाहिली, २००२ साली, ६०० विद्यार्थ्यांवर. पोरांकडून निबंध लिहून घेतला आणि 'इतका वाईट निबंध आजवर वाचला नाही' अशा अर्थाचा शेरा मारून परत दिला. पोरं तापली. मग एका गटाला पंचिंग बॅग दिली आणि सांगितलं, शेरा मारणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून मारा. दुसऱ्या गटालाही बॅग दिली, पण व्यायाम म्हणून. तिसऱ्याला दोन मिनिटं नुसतं बसवलं. त्यानंतर शेरा मारणाऱ्याच्या कानात कर्कश आवाज सोडायची संधी दिली. सगळ्यात जास्त चिडलेला आणि सूड घ्यायला सगळ्यात उतावळा निघाला तो पहिला गट. नुसती बसलेली पोरं त्यांच्यापेक्षा शांत होती. म्हणजे काहीही न करणं हे बडवण्यापेक्षा बरं!

एका प्रयोगावर काय जायचं, असं काका म्हणतीलच. म्हणून हेही. बुशमन आणि सोफी केर्विक यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात १०,१८९ माणसं होती. निष्कर्ष तोच. शरीराची धडधड वाढवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही, पळण्यानं तर उलट थोडा चढतो. उतरतो तो दीर्घ श्वसन, स्नायू सैल सोडणं, ध्यान, संथ योगासनं अशा धडधड कमी करणाऱ्या गोष्टींनी. कुकरचीच उपमा हवी असेल तर चार शिट्ट्या झाल्या म्हणून कुकर थंड होतो का? गॅस बंद करावा लागतो. दादा बाल्कनीत रोज गॅस मोठा करून राहिलाय.

राग गिळून आत कुढत बसणं चांगलं नाही, हे मान्य. मेसेजमध्ये एवढं एक अर्धं वाक्य खरं आहे. पण शांत होणं म्हणजे दाबणं नव्हे. थेरपीत हाच फरक शिकवतात. वही करायला लावतात. काय झालं, त्या क्षणी मनात काय आलं, अंगात आधी काय जाणवलं, मग मी काय केलं. 'यानं मुद्दामच केलं' हे वाक्य त्या वहीत किती वेळा येतं ते माणसाला स्वतःलाच दिसतं. वाद तापायला लागला की 'मी वीस मिनिटांनी येतो' असं सांगून उठायचं आणि खरंच परत यायचं, याचाही सराव असतो. आपल्यासारख्याच रागीट माणसांच्या गटात बसून हे केलं तर सोपं जातं, कारण समोरचा माणूस आपलीच कारणं सांगत असतो आणि ती त्याच्या तोंडून फुसकी वाटतात.

गोळ्यांचं म्हणाल तर थेरपी देणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देतच नाहीत, तो अधिकार मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा. तेही रागामागे नैराश्य, दारू किंवा थायरॉइड आहे का, हे आधी बघतात.

पागलखाना. ऑटोवाले अजून मनोरुग्णालयाचा चौक याच नावानं ओळखतात, त्यांचं काय सांगावं. पण ओपीडीत केसपेपर काढणं म्हणजे भरती होणं नव्हे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. बिपीच्या गोळ्या घेता तेव्हा कुठे नाव लागतं?

नागपुरात मिळत नाही म्हणे. 'रागाचा सपोर्ट ग्रुप' अशी पाटी शोधत गल्लोगल्ली हिंडाल तर चपला झिजतील, हे खरं. खासगीतली फीसुद्धा दर आठवड्याला झेपेल अशी नसते, तेही खरं. पण मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकृतीशास्त्र विभाग आहे, मिहानच्या एम्समध्ये आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. तिथंच विचारायचं, गटात बसता येईल का. राग दारूनंतरचा असेल तर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, बैठका शहरात भरतात, फी नाही, आडनाव विचारत नाहीत. आणि घरून उठायचंच नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालतो, फुकट, मराठीतही.

आता ते पहिलं वाक्य, समजूतदार बायकोचं. दादाच्या स्कूटरचा आवाज खाली आला की माझा सात वर्षांचा भाचा टीव्हीचा आवाज एकवर आणतो. कुणी शिकवलं नाही त्याला. वहिनी ओट्याजवळून फक्त मान वळवून बघते. याला समजूत म्हणता? हाच दादा सिग्नलवर ट्रॅफिक हवालदारानं अडवलं की "हो साहेब, चुकलंच" म्हणतो. म्हणजे ब्रेक लागतो, कुठे लावायचा ते तो ठरवतो. आणि कुणाच्या घरी हात उठत असेल तर थेरपीची वाट बघत बसू नका, १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा तातडीच्या मदतीचा ११२ लावा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नुसत्या मारहाणीपुरता नाही, शिवीगाळ-धमक्यासुद्धा त्यात येतात.

बडीशेप जेवणानंतर खा, छान लागते.

दादासाठी मी बुधवारची वेळ पुन्हा घेऊन ठेवली आहे. तो अजून हो म्हणालेला नाही, नाहीही म्हणालेला नाही. काका, निदान बुधवारपर्यंत तो मेसेज चौथ्यांदा टाकू नका.