काट माझी, कसर तिची

"बाबा, 'काटकसर' वाक्यात वापरून दाखवा ना." लेक वही घेऊन समोर उभी. मी खूश झालो. अहो, या शब्दाचा मी चालताबोलता वाक्यात उपयोग आहे!

"बाबा काटकसरी आहेत, लिही."

"त्याला कंजूष म्हणतात," आतून आवाज आला.

आता हा फरक पोरीला समजावणं आलं. म्हटलं, नको तिथला खर्च टाळतो तो काटकसरी. हवा तिथलाही टाळतो तो कंजूष. "मग हवा की नको हे ठरवतं कोण?" प्रश्न रास्त होता, म्हणून मी व्युत्पत्तीकडे वळलो. (अडचणीत सापडलेल्या बापाला व्युत्पत्तीसारखा आडोसा नाही.) 'काट' म्हणजे कापणं, छाटणं. 'कसर' मूळ अरबी 'कस्र'वरून आलेला. तुटलेला तुकडा, अपूर्णांक, म्हणून उणीव.

"बरोबर," पुन्हा आतून. "काट हे मारतात, कसर मी भरून काढते."

लेकीनं ते लिहून घेतलं. मी घाईघाईनं खोडायला लावलं, तर खोडरबर सापडेना. जुना झिजून संपला होता. नवा आणायचा मीच पुढे ढकलला होता.

मी विषय बदलला. कवडीचुंबक म्हणजे कवडीचे मुके घेणारा, असं सांगितलं. चुंबक म्हणजे लोहचुंबकही, त्यामुळे कवडी ओढून घेणारा असंही म्हणायला हरकत नाही. मला दोन्ही लागू पडतं, अशी घरात एकवाक्यता झाली. मग पै. पूर्वी रुपयाच्या 192 पै व्हायच्या. 1957 साली दशमान पद्धत आली आणि पै हिशोबातून गेली. "आणि तुम्ही अजून पै-पै वाचवताय?" लेक हळहळली.

शेवटी पुराव्यासाठी कपाटाच्या तळातून जाडजूड शब्दकोश काढला. धूळ झटकून 'क' उघडला. 'काजवा' होता, 'काजळ' होतं. पुढे 'काटक'पर्यंत आलो, आणि तिथून कागदाची चाळणी! एक चंदेरी किडा अक्षरांवरून सुळकन पळाला.

"हे काय?"

"कसर," मी म्हणालो. "पुस्तकं खाते ती."

"डांबराच्या गोळ्या आणा म्हणून किती वेळा सांगितलं," आतून आवाज आलाच. "कशाला उगीच खर्च, म्हणाले."

लेकीनं वही पुढे ओढली आणि कुणालाही न विचारता लिहिलं : 'बाबांनी गोळ्यांची काटकसर केली म्हणून शब्दकोशाला कसर लागली.'

उद्याचा शब्द 'उधळपट्टी' आहे. तिला आईकडे पाठवणार आहे.