भोंग्याची माहिती लपवली म्हणून भोंगा सेफ होत नाही

सध्या ग्रुपाग्रुपात एक फॉरवर्ड फिरतोय. आपत्तीचे भोंगे म्हणजे सायरन आणि मोबाइल अलर्ट कसे चालतात हे लोकांना सांगूच नये, त्यातल्या चुका दाखवणारे शत्रूला मदत करतात, माहिती अधिकारातही यातलं काही देऊ नये. चांगली चांगली माणसं हे पुढे ढकलतायत म्हणून लिहितोय.

पहिला दावा, "गुपित ठेवलं की सुरक्षित". अमेरिकेतलं डॅलस घ्या. 7 एप्रिल 2017 ला रात्री पावणेबाराच्या सुमारास शहरातले 156 सायरन एकदम सुरू झाले, वादळ नाही काही नाही, दीडेक तास हा प्रकार चालला आणि 911 वर, म्हणजे तिकडच्या आपत्कालीन नंबरवर, चार हजारांच्या वर फोन गेले. कोणीतरी रेडिओवरून सायरन वाजवायचा सिग्नल सोडला होता. त्या सिग्नलला एन्क्रिप्शनच, म्हणजे सांकेतिक कुलूपच, नव्हतं, ते नंतर घातलं. म्हणजे ज्याला गडबड करायची त्याला कुलूप किती कच्चं ते ठाऊक होतं, माहीत नव्हतं ते फक्त झोपेतून दचकून उठलेल्या लोकांना.

दुसरा, "चुका दाखवणारे शत्रूचे". 2018 मध्ये बॅस्टिल या सायबर सुरक्षा कंपनीच्या रिसर्चरला सॅन फ्रान्सिस्कोच्या सायरनमध्ये जवळपास असंच भोक सापडलं. त्यांनी आधी सायरन बनवणाऱ्या कंपनीला कळवलं, 90 दिवस थांबले, मग जाहीर केलं. यात शत्रूला मदत कुठे झाली? उलट 2013 मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या टीव्हीवर "मेलेले लोक थडग्यातून उठतायत" असा अलर्ट गेला, कारण अलर्ट पाठवणाऱ्या मशीनचा फॅक्टरीतून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. आता कोणी म्हणेल तो पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला होता, बघा, माहिती उघडी होती! अहो पण मॅन्युअल लपवून काय होणार, पासवर्ड बदलायला दोन मिनिटं लागतात.

हां, काही गोष्टी लपवायलाच हव्यात, त्यावर माझा वाद नाही. पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, अजून न बुजवलेलं भोक. मे 2025 मध्ये सरकारने चॅनेलवाल्यांना सायरनचा आवाज उगाच वापरू नका सांगितलं तेही बरोबरच, रोज टीव्हीवर भोंगा वाजला तर खरा वाजल्यावर कोण उठणार.

आणि माहिती अधिकाराचं म्हणाल तर कायदा वाचा ना एकदा. देशाच्या सुरक्षेला धोका होईल ती माहिती कलम 8 मध्ये आधीच बाहेर ठेवलीये, आणि कलम 10 म्हणतं की कागदातला तेवढा भाग झाका, उरलेला द्या. सगळी फाइलच बंद करा असं या कलमांत नाही. 20 जुलै 2023 ला आपल्याकडे सरकारी अलर्टच्या चाचणीत फोन किंचाळले तेव्हा माझ्या आईने घाबरून फोन सोफ्यावर टाकला, मेसेजमध्ये टेस्टिंग लिहिलं होतं पण तो आवाज कसला हे आधी माहीत असतं तर तिने वाचला तरी असता. मला एवढंच हवंय, माझ्या भागात भोंगा कुठे आहे, शेवटचा कधी तपासला, आणि चुकून अलर्ट गेला तर किती मिनिटांत मागे घेणार. हे ऐकून कुठला हॅकर भोंगा वाजवणार आहे? 13 जानेवारी 2018 ला अमेरिकेच्या हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येतंय असा खोटा अलर्ट गेला, तो चुकीचा होता हे लोकांच्या फोनवर यायला 38 मिनिटं लागली, आणि चौकशीचा रिपोर्ट जाहीर झाला म्हणून कळलं की असा अलर्ट मागे घ्यायची ठरलेली पद्धतच तिथे नव्हती.