मुळे छाटणे म्हणजे तोडणेच

‘कायदा पुरेसा कडक नसल्यामुळे बांधकामात झाडे जातात’ हे लेखातील विधान पटले नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात झाड ‘तोडणे’ या संज्ञेत ते जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. यापेक्षा कडक काय हवे?

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासात कुंपणालगतचा आंबा नकाशावर राखून ठेवलेला होता, आणि तो कोणी तोडलाही नाही; फक्त तळघराच्या खोदाईत जेसीबीने त्याची एका बाजूची मुळे छाटली, बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तो वठला. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने (आले, हेही नसे थोडके) झाडे मोजली, संख्या जुळली म्हणून सही केली. मुळांविषयी तक्त्यात रकानाच नव्हता.