परीक्षा माझी, धारवाड सगळ्यांचं

युपीएससीचा अभ्यास कसा करावा यावर युट्यूबवर टॉपर लोक तासतासभर बोलतात, नोट्स कशा काढायच्या, पेपर कसा वाचायचा, झोप किती घ्यायची, पण प्रिलिमच्या, म्हणजे पहिल्या चाळणी परीक्षेच्या, आदल्या दिवशी घरात जमलेल्या माणसांचं काय करायचं ह्यावर एक व्हिडिओ मिळाला तर शपथ. बहुतेक ते सगळे दिल्लीत राजेंद्रनगरला खोली घेऊन एकटे राहिलेले असणार. आम्ही बेळगावात, शहापूरच्या गल्लीत. इथं एकटं राहायचं म्हटलं तर अंघोळीला जावं लागतं.

सेंटर आलं धारवाड. म्हणजे बेळगावातून कित्तूरमार्गे पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर. पेपर साडेनऊला, पण गेट अर्धा तास आधी बंद, म्हणजे नऊच्या आत आत. काकांनी हिशोब मांडायला घेतला. हायवेला काम चालू असलं तर? गाडी पंक्चर झाली तर? मे महिना हाय, वळीव आला तर? असं तर-तर करत निघायची वेळ सहावरून पाच, पाचवरून चार अशी मागं सरकत गेली, अजून थोडं बोलले असते तर शनिवारी दुपारीच मला सीबीटीवर, म्हणजे बसस्टँडवर, नेऊन बसवलं असतं. मी म्हटलं रेल्वेनं जातो. तर म्हणाले, ती लोंढ्याला वळसा घालून जातीय, तिथं क्रॉसिंगला थांबली म्हंजे तू लोंढ्याचाच कलेक्टर.

काका म्हणजे सीमालढ्यातलं जुनं खोड. त्यांच्या मते मी मुळात एमपीएससीच द्यायला पाहिजे, सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी पोरांना महाराष्ट्र सरकार अर्ज करू देतंय, मग दिल्ली कशाला. रात्री मी पर्यावरणाच्या नोट्स शेवटच्या म्हणून चाळत बसलो तर समोर खुर्ची ओढून बसले. "काय करूलास? बरं सांग, महाजन आयोगाचा अहवाल कधी आला?" म्हटलं १९६७. "आणि आयोग नेमला कधी?" १९६६. "हां. हे येणार बघ." जुने पेपर मी चाळलेत, त्यात रामसर पाणथळी येतात, रेपो रेट येतो, कुठल्यातरी बेडकाबद्दल तीन विधानं देऊन किती बरोबर ते विचारतात, पण काकांना कोण सांगणार.

बाकी तयारी आईबाबांनी वाटून घेतलेली. हॉल तिकिटाच्या एवढ्या झेरॉक्स काढल्या की वाटायला घेतल्या असत्या तर गल्ली पुरली असती. ओएमआरला, म्हणजे उत्तरांचे गोल रंगवायच्या कागदाला, काळाच बॉलपेन लागतो असं मी एकदा बोलून गेलो, तेवढं बास झालं, येणारा प्रत्येकजण पेन घेऊन यायला लागला आणि आत्यानं तर निळा जेलपेन आणला, का तर छान लिहितोय. स्मार्टवॉच चालत नाही म्हणून बाबांनी लग्नातलं चावीचं एचएमटी दिलं. ते मुद्दाम दहा मिनिटं पुढं ठेवलंय, वेळेत पोचायला. म्हटलं, मग आत मला खरी वेळ कशी कळणार? "दहा वजा कर की," म्हणाले. सीसॅटची, म्हणजे आकडेमोड-तर्काच्या दुसऱ्या पेपरची, प्रॅक्टिस घड्याळातच.

खरा घोळ पुढं आहे. सेंटरच्या आत मोबाईल न्यायचा नाही, बॅग ठेवायची सोय असेलच असं नाही, म्हणून बरोबर एक माणूस पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. पण कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट लागत नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. त्यामुळं आई निघाली, आई निघाली म्हणून काकी निघाली, आत्या तर डबा भरूनच आलेली. काका १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनाला, काळी फीत लावतात, काकी ११ जूनपासून फ्री फिरतात, घरात दोन्ही सरकारं नांदतात. पहाटे बसमध्ये कंडक्टरनं बायकांना शून्याची तिकिटं फाडून दिली आणि पैसे मागितले ते माझ्याकडं आणि काकांकडं. काका कित्तूर येईपर्यंत त्या तिकिटाकडंच बघत होते.

धारवाडला गेटवर झडती. आईनं कपिलेश्वराचा अंगारा कागदाच्या पुडीत बांधून खिशात घातलेला, मला पत्ताच नाही. पोलिसानं पुडी वर धरली. "एनु इदु?" म्हणजे हे काय? माझ्या तोंडातून कसंबसं "विभूती री" निघालं. त्यानं पुडी उघडली, वास घेतला, चिमूटभर स्वतःच्या कपाळाला लावला आणि जा म्हणाला. आत पेपर हिंदी आणि इंग्लिशमध्ये. घरात मराठी, गेटवर कन्नड, आत ही दोन, चार भाषा झाल्या आणि अजून पहिला प्रश्न वाचायचा होता.

साडेअकराला बाहेर आलो तर झाडाखाली चादर अंथरून भाकरी, शेंगाचटणी, कुंदा असा सगळा थाट. दुसरा पेपर अडीचला. किती सोडवलेस? मी म्हटलं थोडे सोडून दिले, चुकलं की मार्क कापतात. आत्यानं विचारलं किती. बरोबरला दोन, चुकलं तर त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे पाऊणसुद्धा नाही. "देताना दोन आणि काढताना पाऊण पण नाही? मग परवडतंय की! ठोकून यायचं सगळं." मी तिथंच चादरीवर हिशोब करून दाखवला, चार पर्यायांत नुसतं अंदाजानं ठोकलं तर सरासरी बरोब्बर शून्य पडते. "शून्य म्हंजे तोटा नाही ना," म्हणाली. ह्यावर माझ्याकडं अजूनही उत्तर नाही.

आईला सीसॅटची काळजी नव्हती. दोनशेपैकी ६६ पाहिजेत, पुढं ते मार्क धरत पण नाहीत, हे तिला पाठ. त्याच ६६ ला किती जणांची विकेट पडते ते मी सांगितलं नाही, तिनं लगेच अजून एक भाकरी वाढली असती.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मांडीवर पेढ्याची पुडकी घेऊन आत्यानं विचारलं, आता पुढची परीक्षा कुठं? म्हटलं, आधी ही पास व्हायला पाहिजे, मग मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, ती बेंगळूरला, नऊ पेपर.

"नऊ म्हंजे चार-पाच दिवस तरी जाणार," आत्या काकीकडं वळून म्हणाली. "मग म्हैसूर पण होतंय की. तेवढं पास हो रे."